फोटोत नसलेले जॉन हंट

29 मे आला की एव्हरेस्टच्या शिखरावर बर्फातली कुऱ्हाड उंचावून उभे असलेले तेनसिंग सगळीकडे दिसतात. हिलरींनी काढलेला तो फोटो माझाही लाडका आहे. पण गेली काही वर्षं मला 1953 च्या मोहिमेतला 26 मे हा दिवस जास्त आठवतो.

त्या दिवशी मोहिमेचे नेते कर्नल जॉन हंट आणि शेर्पा दा नामग्याल शिखराखालच्या साउथ कोल या खिंडीतून निघाले. पाठीवर तंबू, अन्न, इंधन आणि ऑक्सिजनच्या बाटल्या. शिखरावर जायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं. वरचा शेवटचा तळ लावता यावा म्हणून सामान जमेल तितक्या उंचीवर नेऊन ठेवायचं, एवढंच काम. हंट तेव्हा बेचाळीस वर्षांचे. सुमारे 8,300 मीटरवर अंगातली ताकद संपली. ओझं तिथेच उतरवलं, स्वतःचा उरलेला ऑक्सिजनही मागून येणाऱ्यांसाठी ठेवला आणि धडपडत खाली आले. दोन दिवसांनी हिलरी, तेनसिंग आणि त्यांचे सोबती वर जाताना तेच सामान आपल्या ओझ्यात घालून पुढे गेले.

याच माणसाला 1936 च्या एव्हरेस्ट मोहिमेतून वैद्यकीय तपासणीत वगळलं होतं. हृदयाच्या ठोक्यात दोष सापडला म्हणे! आणि 1952 मध्ये आधी ठरलेले नेते एरिक शिप्टन यांना बाजूला करून नेतृत्व हंट यांच्याकडे आलं तेव्हा अनेक गिर्यारोहक नाराज होते. शिप्टनना दिलेली वागणूक मला आजही खटकते. पण त्या नाराज मंडळींना हंटनी काही महिन्यांत आपलंसं केलं, हेही तितकंच खरं.

हंट जन्मले आपल्या सिमल्यात, 1910 साली. पुढे लष्करी अधिकारी म्हणून भारतात आले आणि 1930 च्या दशकात बंगालच्या पोलिसांबरोबर क्रांतिकारकांविरुद्ध गुप्त माहिती काढण्याचं काम त्यांनी केलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्यांची नावं आपण शाळेत आदरानं घेतली, त्यांच्या मागावर हा माणूस होता. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे झाकून लिहिणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्कॉटलंडमधल्या ब्रेमरला कमांडोंना डोंगरात आणि बर्फात लढायला शिकवलं. स्कीइंगचं वेड आयुष्यभर राहिलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्की महासंघाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. एव्हरेस्टनंतर नुसत्या भाषणांवर उरलेलं आयुष्य सहज निघालं असतं. पण 1956 मध्ये लष्कर सोडून ते ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार योजनेचे पहिले संचालक झाले आणि दहा वर्षं मुलामुलींना डोंगरात, समाजकामात घालत राहिले.

मग 1967 मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी पॅरोल बोर्ड स्थापन झालं, त्याचे पहिले अध्यक्ष हंट. कैद्याला शिक्षा संपण्याआधी अटींवर बाहेर सोडायचं की नाही, याचा सल्ला तेव्हा हे मंडळ देई. सुटलेल्यानं पुन्हा गुन्हा केला तर सगळा देश बोट दाखवणार. तो नीट जगला तर कुणाला कळणारही नाही. असल्या कामाला लागणारं धैर्य मला शिखराच्या धैर्याहून मोठं वाटतं.

त्याहून अवघड काम 1969 चं. कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलींनी उत्तर आयर्लंड पेटलं होतं. तिथल्या पोलीस व्यवस्थेची तपासणी हंट यांच्या समितीकडे आली. पोलिसांकडची शस्त्रं काढा, त्यांची लष्करी कामं बंद करा, आणि जवळजवळ संपूर्ण प्रोटेस्टंट असलेलं ‘बी स्पेशल्स’ हे सशस्त्र राखीव दल विसर्जित करा, असं त्यांनी सांगितलं. अहवाल 10 ऑक्टोबरला जाहीर झाला. त्याच्या निषेधात बेलफास्टच्या शँकिल रोडवर दंगल उसळली आणि व्हिक्टर आर्बकल नावाचा पोलीस गोळीला बळी पडला. बी स्पेशल्सचं समर्थन करणाऱ्या बाजूनंच ती झाडली होती. काही वर्षांतच पोलिसांच्या हाती पुन्हा बंदुका आल्या. बी स्पेशल्समधले कित्येकजण त्याजागी आलेल्या नव्या लष्करी दलात शिरले.

म्हणजे हंट अपयशी ठरले का? मला नाही वाटत. बंगालमध्ये साम्राज्यासाठी हेरगिरी केलेला माणूस पस्तीस वर्षांनी अधिकृत अहवालात लिहितो की पोलिसानं लोकांसमोर बंदुकीशिवाय उभं राहावं. त्यांच्या मनात या दोन गोष्टी जोडलेल्या होत्या का, त्यावर मी काही बोलणार नाही. मला मात्र त्या एकत्रच दिसतात, आणि म्हणूनच मिटलेलं ते पुस्तक मी पुन्हा उघडलं.

1998 मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हंट गेले. एव्हरेस्टनंतर राणीनं हंट आणि हिलरींना ‘सर’ ही पदवी दिली, तेनसिंगना जॉर्ज पदक मिळालं. हा फरक मला कधीच पटलेला नाही. आणि दा नामग्याल? 8,300 मीटरवर ओझं टाकणाऱ्या त्या दोघांतलं त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? पुढच्या 29 मेला तेनसिंगचा फोटो मी लावीनच, पण तीन दिवस आधी या दोघांची नावंही लिहीन. आधी दा नामग्याल, मग जॉन हंट.