जकात उठली, तरी खांब पडतच राहिला

एक मजकूर सध्या फार फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला, म्हणून उत्तर लिहायला बसलो. त्याचा सारांश असा: न्यूझीलंडच्या उत्तरेला बे ऑफ आयलंड्स नावाचा उपसागर आहे. १८४० पर्यंत तिथलं कोरोरारेका बंदर पूर्ण मोकळं होतं, जहाजाकडून कोणी छदामही घेत नसे. इंग्रज आले, त्यांनी जकात बसवली आणि जहाजं पळाली. चिडलेल्या होने हेके या माओरी सरदाराने इंग्रजांच्या झेंड्याचा खांब तोडला. गव्हर्नर शहाणा निघाला, त्याने जकातच रद्द केली. लगेच शांतता झाली, व्यापार बहरला. तात्पर्य, जकात हटवा आणि मजा बघा.

गोष्ट झकास आहे आणि निम्मी खरीही आहे. अशाच गोष्टी जास्त पसरतात.

‘कोणी छदामही घेत नसे’ इथपासूनच गडबड आहे. हेके आणि त्याचा नातलग तितोरे हे उपसागरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजामागे पाच पौंड वसूल करायचे आणि वाटून घ्यायचे. पलीकडे ओतुइहूला पोमारे हा सरदार अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांकडून असंच घेत असे. बंदरपट्टी तेव्हाही होतीच. १८४० नंतर घेणारा हात बदलला. हे लक्षात घेतलं नाही तर हेकेचा राग कळत नाही. त्याला ‘कर’ या कल्पनेचं वावडं नव्हतं, स्वतःच्या पाण्यावरची वसुली दुसऱ्याच्या पेटीत गेली याचं होतं.

‘इंग्रजांनी जकात बसवली’ हे वाक्य तर असं फेकलंय की जणू किनाऱ्यावर खुंटी ठोकली आणि पैसे गळायला लागले. इंग्रज सरकारचा प्रतिनिधी हॉब्सन २९ जानेवारी १८४० ला बे ऑफ आयलंड्समध्ये पोचला. त्याच्यासोबत जॉर्ज कूपर नावाचा अधिकारी होता. तो जकातीचा कलेक्टर, आणि वसाहतीचा खजिनदारही तोच. म्हणजे वसूल करणारा आणि तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस एकच. माणसंच नव्हती, दुसरं काय करणार? तेव्हा न्यूझीलंड ही न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज वसाहतीची नुसती शेपटी होती. वेगळी वसाहत झाली १८४१ च्या मे महिन्यात, आणि स्वतःची जकातही त्याच वर्षी लागू झाली.

जकातच का? कारण दुसरं काही हाताला लागत नव्हतं. जमीन कोणाची यावरच वाद, तर जमीनमहसूल कसा लावणार? लोकांच्या मिळकतीचा हिशेब कोणाकडे? पण ब्लँकेट, तंबाखू, रम, बंदुका, सगळं समुद्रातूनच यायचं. ते जिथे उतरतं तिथे उभं राहायचं, झालं.

फक्त ‘तिथे उभं राहायचं’ म्हणजे काय ते नीट बघा. रमचं एक पिंप घ्या. कप्तानाने मालाची यादी द्यायची. ती खरी की खोटी हे बघायला जहाजावर एक पहारेकरी बसवायचा, माल पूर्ण उतरेपर्यंत. पिंप किनाऱ्यावर आलं की बुचातून मापाची काठी आत सोडायची, ओली कुठपर्यंत झाली ते बघायचं, त्यावरून किती गॅलन ते काढायचं. मग हायड्रोमीटर टाकून दारूचा कडकपणा मोजायचा, कारण पाणी घातलेल्या आणि न घातलेल्या रमला सारखा दर लावून चालत नाही. व्यापाऱ्याकडे लगेच पैसे नसतील तर पिंप कुलूपबंद गोदामात ठेवायचं. म्हणजे गोदाम हवं, कुलूप हवं आणि किल्ली घेऊन पळणार नाही असा माणूस हवा. हे एका पिंपाचं. शिवाय गस्तीला होडी आणि ती वल्हवणारे खलाशी.

आणि किनारा केवढा! उत्तरेला मांगोनुई, पश्चिमेला होकियांगा, खाली पोर्ट निकल्सन, नेल्सन, आकारोआ, अगदी दक्षिणेला फोव्हो सामुद्रधुनी. मध्ये शेकडो निवांत खाड्या. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सरकारी धक्का एका ठिकाणी असतो, माल मात्र रात्री दुसऱ्याच खाडीत उतरतो.

पुढचा मुद्दा, जहाजं पळाली. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. जकातीमुळे माल महागला, तंबाखू आणि ब्लँकेट महागल्याची झळ माओरी गिऱ्हाइकालाही बसली. पण त्याच १८४१ मध्ये राजधानी उपसागरातून उचलून ऑकलंडला नेली. सरकारी खर्च, अधिकारी, जमिनीचे सौदे करणारे सगळे तिकडे गेले. कौरीची झाडं तोडण्यावर बंदी आली. उपसागराचा धंदा बसायला एवढी कारणं असताना त्यातलं एकच उचलायचं आणि बाकीची झाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

आता खांब. इथे नुसत्या तारखा मांडल्या तरी पुरे. खांब पहिल्यांदा पडला ८ जुलै १८४४ ला. २ सप्टेंबरला वाइमाते इथे गव्हर्नर फिट्झरॉय सरदारांना भेटला. तामाती वाका नेने या सरदाराने जकातीचं गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडलं. त्याच महिन्यात जकात गेली, आधी उपसागरातली, मग अख्ख्या वसाहतीतली. मजकूर म्हणतो, विषय संपला. पण १० जानेवारी १८४५ ला खांब पुन्हा पडला. १९ जानेवारीला परत. मग बुंध्याला लोखंडी पत्रा ठोकून पहारा बसवला, तरी ११ मार्चला चौथ्यांदा पडला. त्या दिवशी दारूगोळ्याचं कोठार उडालं, गाव रिकामं झालं, लुटलं आणि जाळलं गेलं. चारपैकी तीन वेळा खांब जकात नसताना पडला. जकातीसाठी तोडला म्हणता, तर मग हे तीन कोणत्या खात्यात टाकायचे?

राहिली भरभराट. फिट्झरॉय म्हणजे डार्विनला बीगल जहाजावर घेऊन गेलेला कप्तान. वारा ओळखण्यात हुशार, हिशेबात कमनशिबी. त्याने जकातीच्या जागी मालमत्ता आणि मिळकतीवर कर लावला. म्हणजे जी माहिती सरकारकडे नव्हती, तिच्यावरच कर. पैसा येईना. देणी भागवायला त्याने आधीच कागदी कर्जरोखे काढले होते, तेही चलन म्हणून. शेवटी एप्रिल १८४५ मध्ये त्यानेच जकात परत आणली. सगळा प्रयोग सात महिन्यांचा. नोव्हेंबरमध्ये त्याच्या जागी ग्रे आला.

त्यानंतर जकात चालूच राहिली, खांबाच्या त्या टेकडीवर मात्र खांब नव्हता. तो पुन्हा उभा राहिला थेट १८५८ मध्ये, आणि उभारला तोही न्गापुहींनीच, म्हणजे हेकेच्याच जमातीने. हेकेबरोबर लढलेल्या कावितीचा मुलगा माइही पाराओने कावितीच्या पुढाकाराने.