‘धर्महिंसा तथैव च’ हे चरण महाभारतात आहे तरी कुठे?

2 ऑक्टोबर आणि 30 जानेवारी या दोन दिवशी एक मजकूर हमखास फिरतो. सीमेवर काही घडलं की मधल्या काळातही येतो. मजकूर साधारण असा: ‘अहिंसा परमो धर्मः’ हा अर्धवट श्लोक आहे. पुढचं चरण ‘धर्महिंसा तथैव च’, म्हणजे धर्मासाठी केलेली हिंसाही तितकीच श्रेष्ठ. गांधींनी हे चरण मुद्दाम गाळलं, त्या अर्धवट शिकवणीनं हिंदू नेभळट झाले आणि अहिंसेपायी देश गुलामीत गेला. खाली संदर्भ म्हणून ‘महाभारत’ लिहिलेलं असतं, कधी ‘गीता’. अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक मात्र नसतो.

गीतेचं आधी उरकून टाकू. 700 श्लोक आहेत, एका बैठकीत वाचून होतात. ‘अहिंसा’ हा शब्द 10, 13, 16 आणि 17 व्या अध्यायांत येतो, तोही सद्गुणांच्या किंवा तपाच्या यादीत. मजकुरातलं दुसरं चरण तर नाहीच, पहिलंही तिथे नाही.

महाभारताचं काम मोठं, पण ते पुण्यात भांडारकर संस्थेनं करून ठेवलंय. 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षं देशभरातल्या हस्तलिखितांची ताडून पाहणी झाली आणि चिकित्सक आवृत्ती तयार झाली. ‘अहिंसा परमो धर्मः’ हे चरण निदान तीन पर्वांत सापडतं. दर ठिकाणी त्याला पुढची चरणं आहेतच. कुणी काही गाळलेलं नाही. फक्त ती चरणं मजकुरातली नाहीत.

आदिपर्वात हे वाक्य एका सापाच्या तोंडी आहे. रुरूच्या वाग्दत्त वधूला, प्रमद्वरेला, साप चावला. रुरूनं आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला जिवंत केलं, लग्नही झालं. तरी गडी दिसेल तो साप काठीनं ठेचत सुटला. एक दिवस काठी उगारली ती डुंडुभावर, बिनविषारी सापावर. तो म्हणाला, चावणारे साप वेगळे, आम्ही नुसते दिसायला साप; मला का मारतोस? मग तो शापित ऋषी असल्याचं कळतं आणि तो सांगतो, ‘अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः’. म्हणजे या ठिकाणी प्रश्न युद्धाचा नाहीच. एकानं केलं म्हणून त्याच्या अख्ख्या जातीला मारावं का, हा प्रश्न आहे. मजकूर पाठवणाऱ्यांनी नेमकी ही गोष्ट वाचलेली बरी.

वनपर्वात तेच चरण मिथिलेतल्या एका खाटकाच्या तोंडी येतं: ‘स च सत्ये प्रतिष्ठितः’, तो धर्म सत्यावर उभा आहे. हा धर्मव्याध डुकराचं आणि म्हशीचं मांस विकतो, मात्र स्वतः मारत नाही. आणि तोच कौशिक ब्राह्मणाला सुनावतो की नांगराखाली किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, तेव्हा या जगात पूर्ण अहिंसक आहे कोण? अनुशासनपर्वात संदर्भ मांसाहाराचा आहे. ‘अहिंसा परम धर्म असं तुम्ही अनेकदा सांगितलंत, मग श्राद्धात मांस कसं?’ असं युधिष्ठिर विचारतो आणि शरशय्येवरचे भीष्म अहिंसेलाच परम दम (संयम), परम दान, परम तप म्हणतात. (हा प्रसंग पूर्ण उद्धृत केला तर मजकूर पाठवणाऱ्या निम्म्या लोकांच्या रविवारच्या मटणाचं काही खरं नाही.)

आता गांधींनी लपवलं, हा आरोप. जे ग्रंथात नाही ते लपवणार कसं, एवढं उत्तर पुरे होतं. पण एक साक्षीदार असा आहे की ज्याच्यावर अहिंसेच्या प्रेमाचा आळ कुणी घेणार नाही: लोकमान्य टिळक. ‘गीतारहस्या’तल्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात त्यांना हेच दाखवायचं होतं की अहिंसा परमधर्म असला तरी त्याला अपवाद आहेत. त्यासाठी त्यांनी कुठे हात घातला? मनुस्मृतीतल्या आततायीच्या श्लोकाला: अंगावर धावून येणारा आततायी गुरू असो, म्हातारा असो की विद्वान ब्राह्मण, त्याला विचार न करता मारावं. शिवाय धर्मव्याधाचा संवाद. महाभारत कोळून प्यायलेल्या माणसाला ‘धर्महिंसा तथैव च’ आयतं मिळालं असतं, तर त्यांनी ते पहिल्या ओळीत ठोकलं नसतं का?

टिळक आणि गांधी यांच्यात या विषयावर उघड वाद झाला. जानेवारी 1920 मध्ये ‘यंग इंडिया’ या गांधींच्या साप्ताहिकात टिळकांनी लिहिलं की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. ‘अक्रोधानं क्रोध जिंकावा’ या बुद्धवचनापेक्षा त्यांना कृष्णाचं ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जे मला जसे भजतात, त्यांना मी तसाच) जवळचं होतं. गांधींनी ‘शठं प्रति शाठ्यम्’ला (लबाडाशी लबाडी) ‘शठं प्रत्यपि सत्यम्’ (लबाडाशीही सत्य) असं उत्तर दिलं. कोण बरोबर, यावर शंभर वर्षांनीही भांडता येईल. पण टिळकांनी प्रतिपक्षावर श्लोक चोरल्याचा आरोप केला नाही आणि स्वतः नवा श्लोक रचलाही नाही.

गांधींनी लपवाछपवी केली नाही याचे पुरावे त्यांच्याच लेखनात आहेत. ‘अनासक्तियोग’ या त्यांच्या गीतेच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की गीतेच्या शब्दार्थानुसार युद्ध आणि फलत्याग यांचा मेळ बसतो हे मान्य केलं, तरी चाळीस वर्षं ती आचरणात आणण्याचा प्रयत्न केल्यावर आपल्याला अहिंसेवाचून पूर्ण फलत्याग अशक्य वाटतो. कुणाला हा अर्थ पटणारही नाही. मलाही गीतेचं हे वाचन ताणलेलं वाटतं. पण माणूस मतभेदाची जागा बोटानं दाखवून पुढे जातोय. आणि नेभळटपणाबद्दल म्हणाल तर ऑगस्ट 1920 च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिलंय की भेकडपणा आणि हिंसा एवढेच पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून हेच गृहस्थ सैन्यभरती करत होते. त्यावर टीका जरूर करा, ती विसंगती मोठी आहे.

या मजकुरातली सर्वांत गंभीर गोष्ट ‘तथैव च’मध्ये, म्हणजे ‘तितकंच’ या दाव्यात आहे. महाभारतात युद्धाला परवानगी आहे, यात वादच नाही. डुंडुभही रुरूला बजावतो की दंड धरणं, उग्रपणा, प्रजेचं पालन हा क्षत्रियाचा धर्म आहे, तुझा नव्हे. पण ती परवानगी अटींसह येते. कुरुक्षेत्रावर आधी नियम ठरतात: पळणाऱ्याला, निःशस्त्राला, सारथ्याला, शंख-नगारे वाजवणाऱ्याला मारायचं नाही. ते मोडले जातात तेव्हा ग्रंथ त्याची नोंद ठेवतो. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेला धृष्टद्युम्न आणि द्रौपदीचे पाचही मुलगे कापतो, तेव्हा त्याच्याजवळही कारण असतंच, बापाला अधर्मानं मारल्याचं. ‘धर्महिंसा’ हा शब्द त्यानं आनंदानं वापरला असता. युद्ध जिंकून युधिष्ठिर राज्य सोडून वनात जायला निघतो. हिंसा अहिंसेइतकीच श्रेष्ठ असती, तर त्याची समजूत काढणारं शांतिपर्व इतकं लांबलं नसतं.

आणि आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, या युक्तिवादाची रेवडी उडवून ठेवलीय. ज्ञानेश्वरीच्या 13 व्या अध्यायात ‘अहिंसा’ या एका पदावर ओव्यांमागून ओव्या आहेत. पाऊस पडावा, जग जगावं म्हणून यज्ञ, आणि यज्ञासाठी पशूची हिंसा. पूर्वमीमांसेच्या, म्हणजे यज्ञकर्माला महत्त्व देणाऱ्या दर्शनाच्या, या मतावर ते म्हणतात की हे म्हणजे फांद्या तोडून त्यांचं बुंध्याला कुंपण घालणं, हात तोडून शिजवून भूक भागवणं, देऊळ मोडून देवाला पौळी (भोवतीची भिंत) बांधणं. विषय यज्ञाचा आहे, रणांगणाचा नाही, हे खरं. पण चांगल्या हेतूसाठी केलेली हिंसा ही अहिंसाच, हा जो हिशेब, तोच त्यांच्या निशाण्यावर आहे.

राहिला ‘अहिंसेमुळे गुलामी’चा मुद्दा. इथे अशोकाला पुढे करतात. कलिंगानंतर त्यानं पश्चात्ताप कोरून ठेवला. पण त्याच 13 व्या शिलालेखात अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या, लोकांना बजावलंय की पश्चात्ताप झाला तरी शिक्षा करण्याची ताकद माझ्याकडे आहे. मृत्युदंड त्यानं बंद केला नाही, फक्त तीन दिवसांची सवलत दिली. पुढची हजार वर्षं म्हणाल तर राष्ट्रकूट, प्रतिहार आणि पाल कनौजसाठी पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी लढत होते. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर आपण हरलो तेव्हा कुणाच्या हातात टाळ नव्हते.

अहिंसा काटेकोरपणे पाळणारे म्हणजे जैन. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारली ती चावुंडराय या गंग राजांच्या सेनापतीनं. अनेक लढाया जिंकलेला, ‘समरपरशुराम’ अशी बिरुदं मिरवणारा. मूर्तीच्या पायाशी कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य मराठीच्या जुन्या कोरीव लेखांत मोजलं जातं, म्हणून नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक. जैन आचार्यांनी गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून मारण्याच्या इराद्यानं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं, म्हणजे जैन गृहस्थानं, सोडायचीच. चूल, धंदा आणि बचाव यांत होणारी हिंसा तो पूर्ण टाळू शकत नाही, ती कमीत कमी ठेवायची. बचावातल्या हिंसेलाही त्यांनी हिंसाच म्हटलं, धर्म म्हटलं नाही. चावुंडरायाला तेवढ्यावर लढता आलं.