पुन्हा तोच वाद

नामवंत संगीतकारांना मानाचे स्थान देणाऱ्या अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची नवी यादी आली, की 'हे कुठे रॉक आहे?' हा शिळा प्रश्न दरवर्षी नव्याने वाढला जातो आणि मी दरवर्षी तितकाच वैतागतो. रॅप गाणाऱ्यांना घेतले म्हणून ज्यांचे पित्त खवळते, त्यांना १९८६च्या पहिल्याच तुकडीत रॉकपेक्षा सोल संगीतासाठी ओळखले जाणारे रे चार्ल्स आणि सॅम कुक होते, याचा सोयीस्कर विसर पडतो. (त्या तुकडीत गायक-वादक म्हणून एकही स्त्री नव्हती, याचे मात्र कोणाला फारसे काही वाटत नाही.) भांडायचेच असेल तर विलंबावरून भांडावे. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर २५ वर्षांनी कलावंत पात्र ठरतो. तरीही १९६८ साली पहिली तबकडी काढणाऱ्या डीप पर्पल या रॉक बँडला आत घ्यायला २०१६ उजाडावे लागले आणि तोवर त्यांचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड जाऊन चार वर्षे झाली होती. इलेक्ट्रिक गिटार घेऊन गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते, गाणारी सिस्टर रोझेटा थार्प १९७३ साली वारली. तिला मान मिळाला २०१८ साली! शीक या डिस्को बँडला तर अकरा वेळा नामांकन देऊन अखेर त्यातल्या एकट्या गिटारवादक नाइल रॉजर्सला वेगळा पुरस्कार देण्यात आला, म्हणजे वऱ्हाड मांडवाबाहेर आणि नवरदेव तेवढा पंगतीला.