कडक बिट लावून कँटर संथ होत नाही

घोडेस्वारीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. आशय असा: घोडा कँटरला (वॉक आणि ट्रॉटच्या पुढची दौडती चाल) सुसाट सुटत असेल तर त्याच्यात ताकद जास्त झालीय, आधी लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवत) दमवा. मग लगाम आखूड धरा आणि सोडू नका. तरी ऐकत नसेल तर कडक बिट (लगामाचा घोड्याच्या तोंडातला भाग) लावा, छोट्या गोलात फिरवा. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) वेळ घालवू नका, कँटर कँटरनेच सुधारतो. पंधरा दिवसांत फरक पडेल, नाही पडला तर घोड्याचं रक्तच गरम, विकून मोकळे व्हा.

वाचायला सोपं, करायला त्याहून सोपं, म्हणून तर हा मेसेज इतका चालतो. पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमध्ये रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड (रेससाठीच्या जातीचे घोडे) बरेच असतात. त्यामुळे सुसाट कँटरची तक्रार घरोघरची आहे आणि हे उपायही सर्रास होतात. एकेक मुद्दा बघू.

'ताकद जास्त झाली आहे.' सगळा घोळ इथूनच सुरू होतो. उभ्या घोड्याचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यात आपण पाठीवर बसून भर घालतो. कँटरचे ठोके तीन. आधी बाहेरचा (वळणाच्या बाहेरच्या बाजूचा) मागचा पाय, मग आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा एकदम, शेवटी आतला पुढचा, म्हणजे लीडचा, सगळ्यांत पुढे पडणारा पाय. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. मागचे पाय पोटाखाली नीट आले तर धडाचा भार ते उचलतात. ते मागेच राहिले तर प्रत्येक स्ट्राइडच्या (तीन ठोक्यांच्या एका झेपेच्या) शेवटी सगळं ओझं त्या एका पुढच्या पायावर येतं, आणि पुढचं पाऊल घाईने टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं. घाट धावत उतरणाऱ्या माणसाला मधेच थांबता येत नाही, तशीच ही गत. आपल्याला जो जोर वाटतो तो पडू नये म्हणून चाललेला खटाटोप असतो.

खात्री करायची तर एक गोष्ट बघा. ताकद उतू जात असती तर ती चालीतही दिसली असती. पण हा घोडा वॉकला शांत असतो, ट्रॉटही बरा करतो, मैदानाच्या लांब बाजूला सरळ कँटरही जमवतो. कोपरा आला की मात्र आत झुकतो, खांदा टाकतो आणि वेग वाढवतो. तो गेल्यावर कोपऱ्यातली वाळू पाहा. पुढच्या टापांच्या रेषेबाहेर मागचा खूर घसरल्याचा लांबट ओरखडा सापडेल. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातोय, एवढाच त्याचा अर्थ.

अशा घोड्याला दमवलं की काय होतं? थकलेले स्नायू भार आणखी कमी पेलतात, तोल आणखी जातो. आणि रोज दमवलं तर घोडा रोज थोडा जास्त फिट होतो. महिन्याभराने त्याला दमवायला आणखी जास्त पळवावं लागेल. उत्तम व्यायाम, पण कँटरचा प्रश्न होता तिथेच.

या मुद्द्यात खरं आहे ते इतकंच: दिवसभर तबेल्यात उभा आणि दाण्यात चणे-ओट्स भरपूर, असा घोडा चुळबुळ करणारच. त्यावर उपाय म्हणजे दाणा कमी करा, चारा वाढवा, पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या मैदानात) मोकळा सोडा. ही तबेल्यातली कामं आहेत, लाँजच्या दोरीने होत नाहीत.

'लगाम आखूड धरा, सोडू नका.' रेसच्या घोड्याला हा सल्ला उलटा लागू पडतो. त्याने शिकलेलं असतं की तोंडावर ताण आला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. जॉकी लगाम धरून बसतो आणि घोडा बिट पकडून धावतो, हाच त्याचा अभ्यास. तुम्ही खेचता तेव्हा त्याच्या दृष्टीने तुम्ही हवं तेच सांगत असता.

शिवाय कँटरमध्ये प्रत्येक स्ट्राइडला घोड्याची मान खाली-वर होते, तोल सावरायला त्याला ती लागते. हात दगडासारखा घट्ट ठेवलात तर तेवढंही साधन गेलं. मग तो तुमच्या हातावरच भार टाकतो, आणि स्वार म्हणतो, 'हात दुखले, किती ओढतो बघा!' ओढायला माणसं दोन लागतात, इथे दुसरं माणूस घोडा असतं इतकंच.

खेचून वेग कमी होतोही कधीकधी, नाही असं नाही. पण कान देऊन ऐका. चांगल्या कँटरचा आवाज तीन ठोक्यांचा, त-ब-डक, त-ब-डक. मागून रेटा नसताना नुसता पुढून आवळलेला कँटर चार ठोक्यांचा होतो, कारण मधली तिरकी जोडी फुटते. वरून हळू दिसतो, आतून मेलेला असतो.

लगाम लागतो तो असा: एका ठोक्यापुरतं पाठ ताठ, मांड्या किंचित आवळलेल्या, बाहेरचा लगाम मिटलेल्या मुठीत, आणि लगेच पुढच्या ठोक्याला मोकळा. हाफ-हॉल्ट तो हाच, आणि त्यातली सोडण्याची निम्मी क्रिया जास्त महत्त्वाची. मांड आधी पक्की हवी हे ओघानेच आलं. नवशिक्या स्वाराकडे जवळून पाहा: गुडघे खोगिराला चिमटलेले, टाच वर चढलेली, आणि प्रत्येक स्ट्राइडला तीच टाच नकळत घोड्याच्या बरगडीला लागते. वरून हात म्हणतोय थांब, खालून टाच म्हणतेय चल. घोड्याने कोणाचं ऐकायचं?

'कडक बिट लावा.' फार बोलण्यासारखं नाही. दुखलं की घोडा तोंड उघडतो, मान वर फेकतो किंवा हनुवटी छातीला लावून बिटच्या मागे लपतो. लपलेला घोडा बघणाऱ्याला सुधारल्यासारखा वाटतो, पण त्याची पाठ खचलेली असते आणि मागचे पाय होते तिथेच. बिट बदलण्याआधी दात दाखवून घ्या. दाढांच्या धारदार कडा गालाला लागत असतील तर कुठलंही बिट त्याला कडकच.

'छोट्या गोलात फिरवा.' उधळलेला घोडा थांबवायला गोल हळूहळू लहान करत आणणं वेगळं, तो संकटकाळचा ब्रेक आहे. मेसेजवाला तो शिकवणीचा पाठ समजून बसलाय. ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या कसरतीचं) मैदान वीस मीटर रुंद असतं आणि सुरुवातीच्या घोड्याला कँटरचा गोल दिला जातो तोही वीस मीटरचा. दहा मीटरचा बऱ्याच पुढच्या इयत्तेत येतो. ज्याला वीस मीटरवर तोल धरता येत नाही त्याला दहावर घातलं की तो आत झुकतो, मागचे पाय लीड बदलतात आणि क्रॉस कँटर सुरू होतो: पुढून उजवा, मागून डावा. स्वाराला खालून घुसळल्यासारखं वाटतं ते हेच. लाँजवर छोट्या गोलात कँटर करवत ठेवणं सांध्यांनाही महागात पडतं. मोठा गोल, मग लांब बाजूला सरळ, कोपऱ्याआधी पुन्हा गोल, असं आलटून पालटून दिलं तर पुरे.

'ट्रॉटमध्ये वेळ घालवू नका.' माझ्या मते मेसेजमधली सगळ्यात नुकसानकारक ओळ ही. कँटर सुधारतो तो कँटरमध्ये जाताना आणि त्यातून बाहेर येताना. ट्रॉट-वॉक-ट्रॉट, मग ट्रॉटमध्येच दोन-चार पावलं लहान आणि पुन्हा लांब. दर बदलाला मागचा पाय थोडा पोटाखाली येतो. हे सुरळीत झालं की कोपऱ्याच्या जरा आधी, शरीर आतल्या बाजूला वळलेलं असताना कँटर मागा. पाच-सहा स्ट्राइड घ्या आणि घोडा विस्कटायच्या आत ट्रॉटला या. आत, विस्कटल्यावर नव्हे. पाच चांगल्या स्ट्राइडच्या जागी सहा-सात मिळू लागल्या की तुम्ही बरोबर वाटेवर आहात. एका कँटरमध्ये मैदानाचे चार फेरे मारणाऱ्याचा घोडा चार फेरे वाईट कँटर घोटून घेतो.

जमिनीवर आडव्या मांडून घोड्याला वरून न्यायच्या काठ्याही ट्रॉटपासूनच. साधारण सव्वा ते दीड मीटर अंतराने, घोड्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त. पुढे कधीतरी कँटरसाठी दोनच काठ्या, साठ फुटांवर. बारा फुटांची स्ट्राइड धरली तर मधे पाच बसतात. त्याच अंतरात, हात न ओढता, सहा बसल्या तर कँटर खरोखर आवळला गेला. हे मोजता येतं, म्हणून मला आवडतं. 'आज बरा वाटला' यावर वाद घालत बसावं लागत नाही.

इथे देशी घोडेवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी आणि काठियावाडी घोडे रेवाल चालीवर मोल खातात, आणि ती चाल सुखाची आहेच. पण रेवालमध्ये एका बाजूचे पाय बरोबरीने चालतात, आणि कँटरच्या मधल्या ठोक्याला तिरकी जोडी लागते. अशा घोड्याचा कँटर घोटाळतो तो या सवयीपायी, खोडीपायी नव्हे. त्याला तर ट्रॉट आणि काठ्या दुप्पट हव्यात. ट्रॉट टाळून तो कँटरला पोचेल कसा?

'पंधरा दिवस, नाहीतर रक्त गरम.' रेसचे थरोब्रेड दोन वर्षांचे असताना धावायला लागतात. ज्याला पोरवयापासून फक्त पुढे पळायला शिकवलं त्याला पंधरा दिवसांत मागच्या पायांवर भार घ्यायला शिकवायचं, आणि नाही जमलं तर दोष वंशाला! यात्रेत भोवरे बघून घोड्याचा स्वभाव सांगणाऱ्यांना आपण हसतो, पण 'रक्त गरम' म्हणणारा वेगळं काय करतो? पाठ, पुठ्ठे आणि पोटाचे स्नायू भार पेलायला तयार होतात ते महिन्यांच्या हिशेबाने, तेही काम रोज थोडं आणि मधे विश्रांती असेल तर.

मात्र काही महिन्यांच्या नीट कामानंतरही एकाच बाजूची लीड येत नसेल, एकाच हाताला क्रॉस कँटर होत असेल किंवा खोगीर चढवताना घोडा कान मागे टाकून चावायला येत असेल, तर शिकवणी थांबवा. खोगीर खांद्यावर दाबतंय का ते हात घालून बघा, नालबंदाला खुराची वाढलेली टोकं दाखवा, आणि मागच्या पायाचे सांधे व पाठ तपासायला पशुवैद्याला बोलवा. नव्या बिटवर खर्च करण्याआधी त्याची फी भरा.