पोह्यांतलं तेल आणि कोंबडीचं खाद्य एकाच दाण्याचं

श्रावण जवळ आला की इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, एक संदेश हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: माणसाची आतडी शाकाहारी प्राण्यांसारखी लांब, म्हणून मांस त्यांत तीन दिवस सडतं, ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची सुई टोचून फुगवतात, मटणानं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय, किलोभर मांसाला 15,000 लिटर पाणी लागतं, शाकाहारी ताट मात्र निसर्गाला धक्का लावत नाही, मांस खाणं आपल्या संस्कृतीत नाही, आणि शाकाहारात सगळं पोषण मिळतं. ज्याला मांस सोडायचंय त्याला प्राण्याची दया आली एवढं कारण पुरे, त्यावर वाद नाही. वाद या दाव्यांशी आहे.

आतड्यांचा मुद्दा लवकर आटपतो. प्रौढ माणसाचं लहान आतडं साधारण 6 मीटर, मोठं दीड मीटर. म्हणजे उंचीच्या साडेचार पट. गाईची आतडी शरीराच्या सुमारे 20 पट असतात, वर चार कप्प्यांचं पोट. माणसाचा आकडा फुगवायचा तर पाय सोडून नुसतं धड मोजायचं, आणि या संदेशांत तेच केलेलं असतं. मांसातलं प्रथिन जठरातल्या आम्लात आणि पेप्सिनमध्ये फुटतं, लहान आतड्यात बहुतेक सगळं शोषलं जातं. न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथे आंबतो तो राजम्या-कोबीचा चोथा. तो आंबणं चांगलंच, फक्त त्याला कुणी 'सडणं' म्हणत नाही.

सुईची गोष्ट जास्त पसरलेली आहे, कारण 40 ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं हे डोळ्यांना दिसतं. पण वाढीचं हार्मोन हे स्वतःच एक प्रथिन. खाद्यात मिसळलं तर डाळीसारखं पचून जाईल. टोचायचं तर पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, आणि दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज प्रत्येक पक्षी पकडायला माणसं आणायची कुठून? शिवाय औषधाचा खर्च कोंबडीच्या भावाला परवडणारा नाही. पिल्लांना राणीखेतची लस डोळ्यात थेंबानं आणि गंबोरोची पाण्यातून देतात; अंड्यांच्या कोंबड्यांना काही लसी सुईनं देतात, तेच व्हिडिओ 'हार्मोन' म्हणून फिरतात.

वाढ येते ती वाणातून. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 1957, 1978 आणि 2005 चे वाण एकाच खाद्यावर वाढवले. 2014 साली निष्कर्ष छापले. 56 दिवसांनी 1957 चा पक्षी 905 ग्रॅमचा भरला, 2005 चा 4,202 ग्रॅमचा. त्याची किंमत पक्षी मोजतो: पाय वाकतात, हृदय कमी पडून पोटात पाणी भरतं, मे महिन्याच्या उन्हात शेडमध्ये मर होते. दयेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं.

घाबरायचंच असेल तर प्रतिजैविकांना घाबरा. शेवटचा उपाय म्हणून माणसासाठी राखलेलं कोलिस्टिन खाद्यात मिसळलं जात होतं. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापराला भारत सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली. इतर औषधं दिल्यावर ठरावीक दिवस थांबून मगच पक्षी विकायचा असतो, आणि घाईत नेमके तेच दिवस पाळले जात नाहीत. अशा वापरातून तयार झालेले, औषधाला न जुमानणारे जंतूही नीट शिजवल्यावर मरतात. घरात ते पसरतात दोन वाटांनी. एक, कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोडे ओट्यावर उडतात. दोन, त्याच सुरीनं लगेच कोथिंबीर चिरली जाते. कोथिंबीर आधी चिरून ठेवा, कोंबडी भांड्यात पाणी घेऊन हळू धुवा किंवा धुऊच नका, आणि तंगडीच्या सांध्याशी गुलाबी रंग राहिला असेल तर अजून शिजू द्या.

कर्करोगाचा दावा अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2015 मध्ये सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे 'नक्की कारक' गटात टाकलं, लाल मांस 'बहुधा कारक' या गटात. मासे किंवा साधी कोंबडी त्यात नाही. गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तंबाखूही पहिल्याच गटात आहे, म्हणून सलामी आणि तंबाखू सारखे होत नाहीत. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समजा शंभरात पाच जणांना होणार असेल, तर जवळपास सहा. महिन्यातून दोनदा होणारा मटणाचा रस्सा या हिशेबात कुठेच बसत नाही. रस्सा उकळत्या पाण्याच्या तापमानाला शिजतो. निखाऱ्यावर काळं पडेपर्यंत भाजलेल्या मांसात, आणि चरबी ठिबकून उठलेल्या धुरात, जी घातक रसायनं तयार होतात ती रस्श्यात नसल्यासारखीच.

आता पाणी. 15,000 लिटर हा आकडा खरा आहे, पण तो गोमांसाचा आणि जागतिक सरासरीचा, आणि त्यातला 90 टक्क्यांहून जास्त भाग चाऱ्यावर पडलेला पाऊस आहे. त्याच मोजणीत शेळीचं मांस किलोला साधारण 5,500 लिटर, कोंबडी 4,300, डाळी 4,000, लोणी 5,500. प्रथिनाच्या ग्रॅममागे पाहिलं तर डाळी 19 लिटर, अंडी 29, दूध 31, कोंबडी 34, गोमांस 112. डाळ जिंकते, यात शंका नाही. पण दूध आणि कोंबडी जवळजवळ बरोबरीत आहेत. किलोभर पनीरला गाईचं पाच-सहा लिटर दूध लागतं, आणि मिथेन सोडणारी रवंथी जनावरं आपल्याकडे मुख्यतः दुधासाठीच पाळली जातात.

आणि 'शाकाहारी ताट वेगळंच' ही कल्पना माळव्यात, म्हणजे इंदूरच्या या सोयाबीन पट्ट्यात तरी टिकत नाही. 100 किलो सोयाबीन गाळलं की सुमारे 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड, म्हणजे मंडीतली डीओसी. कोंबडीच्या खाद्यात साधारण 60 टक्के मका आणि 25 ते 30 टक्के ही पेंड असते. हिशेब असा: किलोभर जिवंत वजनाला 1.7 किलो खाद्य. साफ करून 70 टक्के उरतं, म्हणजे किलोभर साफ कोंबडीला 2.4 किलो खाद्य आणि त्यात 650 ते 700 ग्रॅम पेंड. आता पूर्ण शाकाहारी घर घ्या. महिन्याला तीन लिटर सोयाबीन तेल, वजनानं पावणेतीन किलो. ते काढायला 15 किलो दाणा लागला, त्यातून 12 किलो पेंड पडली: 17-18 किलो कोंबडीला पुरेल इतकी. सकाळच्या पोह्यांची फोडणी आणि तंदूरमधली तंगडी एकाच गिरणीच्या दोन दारांतून बाहेर पडतात. पेंडीला गिऱ्हाईक नसतं तर तेलाचा डबा याच भावात मिळाला नसता.

संस्कृतीबद्दल दोनच गोष्टी. इथे राज्य केलं ते होळकर धनगर, मेंढपाळांच्या समाजातले. आणि केंद्राच्या 2014 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात मध्य प्रदेशातले शाकाहारी निम्म्याच्या आसपास भरले. 'आपली' म्हणताना उरलेल्या निम्म्यांना वगळायचं, तर ते उघड म्हणा. कारण त्याचे परिणाम पोरांच्या ताटापर्यंत जातात: 2015 मध्ये अलीराजपूर, मंडला आणि होशंगाबादच्या अंगणवाड्यांत अंडं देण्याचा प्रस्ताव तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. ज्या भिल्ल घरांत कोंबड्या अंगणात फिरतात, तिथली मुलं अंडं खातातच. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिन असतं, आणि अंड्याऐवजी दूध म्हणाल तर दुधात पाणी घालता येतं, अंड्यात नाही.

शेवटचा दावा, 'शाकाहारात सगळं मिळतं', ब-12 जीवनसत्त्वाशी येऊन अडतो. ते जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. प्रौढाला दिवसाला 2.4 मायक्रोग्राम लागतं. 100 मिलिलिटर दुधात साधारण 0.4 असतं, म्हणजे दूध-दही मिळून अर्धा लिटरच्या वर रोज, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळलं तर त्याहून जास्त. स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यात बहुतेक ब-12 सारखा दिसणारा, शरीराला निरुपयोगी पदार्थ असतो. दूधही सोडलेल्यांना गोळी घ्यावीच लागते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (या गोळीनं ब-12 कमी होऊ शकतं) घेणाऱ्यांनी, मग ते मटण खाणारे का असेनात, पायांना मुंग्या येईपर्यंत न थांबता ब-12 ची तपासणी करून घ्यावी.