‘तीन कॉपी आहेत ना, मग बॅकअप कशाला?’

सध्या क्लस्टरबद्दल (जोडून एकत्र चालवलेले सर्व्हर; त्यातला एकेक म्हणजे नोड) एक मेसेज जोरात फिरतोय: ‘क्लस्टरमध्ये डेटाच्या तीन कॉपी असल्या की बॅकअपवरचा खर्च वाया. नोड गेला तरी क्लस्टर आपोआप सावरतो.’ वाचायला छान आहे, पण बजेट कापणाऱ्यांच्या हाती लागला तर पंचाईत.

आधी बॅकअपचं बघू. तीन कॉपी डिस्क मेल्यावर वाचवतात, चुकीच्या कमांडपासून नाही. एचडीएफएसवर (हडूप या सॉफ्टवेअरची, अनेक मशिनांवर फाइली ठेवणारी यंत्रणा) कोणी भलताच फोल्डर उडवला, तर नेमनोड, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारा सर्व्हर, तिन्ही कॉपी इमानेइतबारे पुसायला लावतो. ट्रॅशची, म्हणजे उडवलेलं काही काळ राखून ठेवायची, सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये तिची मुदत 0, म्हणजे ती बंदच.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत काय झालं ते आठवा. दुय्यम डेटाबेस (मुख्य डेटाबेसची सतत ताजी होणारी कॉपी, म्हणजे रेप्लिका) मागे पडला होता, म्हणून तो रिकामा करून नव्याने भरायचं चाललं होतं. थकलेल्या इंजिनिअरने डिलीटची कमांड चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरले. म्हणजे रेप्लिका होती, पण नेमकी त्याच वेळी रिकामी! रोजचा बॅकअपही आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप फसत होता. वाचवलं कोणी? 6 तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीने.

‘आपोआप सावरतो’ हे खरं आहे, पण जागा असेल तर. सेफ (Ceph) या डेटा साठवायच्या दुसऱ्या यंत्रणेत बंद पडलेला ओएसडी (साधारणपणे एक डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगप्रमाणे 10 मिनिटांनी बाद धरला जातो आणि कॉपी दुसरीकडे बनू लागतात. आता 3 होस्ट (सर्व्हर) आणि 3 कॉपी, प्रत्येक होस्टवर एक, असा क्लस्टर घ्या. एक होस्ट गेला की तिसरी कॉपी ठेवणार कुठे? चार होस्ट 70 टक्के भरलेले असतील, तर उरलेल्या तिघांवर 93 टक्के भार येतो. सेफ मात्र 90 टक्क्यांना बॅकफिल, म्हणजे कॉपी दुसरीकडे भरणं, थांबवतो. हा हिशेब खरेदीच्या वेळी कोणीच करत नाही.

रॅकचंही (सर्व्हर ठेवायच्या कपाटाचंही) तसंच. रॅकचा नकाशा दिला नाही, तर हडूप सगळी मशिनं एकाच रॅकमध्ये धरतो. मग त्या रॅकची वीज गेल्यावर तिन्ही कॉपी एकदम गायब झाल्या, तर दोष त्याला कसा देणार?

मेसेजखाली कोणीतरी ‘दोन कॉपीही पुरतात, मिन-साइज 1 ठेवा’ म्हणजे एकच कॉपी चालू असली तरी लिखाण घ्या, असा सल्ला दिलाय. तो तर मुळीच ऐकू नका. एक डिस्क बंद असताना नवं लिखाण फक्त दुसरीवर होतं, आणि मग तीही गेली तर ते लिखाण कुठेच उरत नाही. जागाच वाचवायची असेल, तर एचडीएफएसच्या 3.0 पासून इरेझर कोडिंग आहे: 6 डेटा ब्लॉकला 3 पॅरिटी (हरवलेला डेटा पुन्हा काढून देणारे जादा ब्लॉक), जादा जागा 50 टक्के, आणि कुठलेही तीन ब्लॉक गेले तरी चालतं. बॅकअप मात्र तिथेही वेगळाच घ्यावा लागतो.