अकराव्याच्या आधी दहावं

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वचनांची कार्डं वाटली गेली नाहीत, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारीभर त्यावरून भांडण चाललं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आम्ही अजून नगरच म्हणतो.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना असते. बारा वाजले, गळाभेटी झाल्या, की पुढे एक ताट येतं. त्यात पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, वचनांची छोटी कार्डं पालथी घातलेली असतात. प्रत्येकाने एक उचलायचं. ते आपलं वर्षाचं वचन. मग ते पाकिटात, कपाटाच्या आरशावर नाहीतर मोबाइलच्या कव्हरमागे डिसेंबरपर्यंत राहतं. नवे पाळक म्हणाले, ही लॉटरी आहे, वचन काढू नका, वाचा. आत्या म्हणाली, म्हणजे चाळीस वर्षं आम्ही काय जुगार खेळत होतो? काका म्हणाले, पाळक परदेशी पुस्तकं वाचून आलेत.

मी नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते. काकांचा तो मेसेज वाचून मला हसू आलं. कारण वचन काढण्याची एक जुनी शिस्तशीर पद्धत इथलीच आहे. पूर्वेकडे सॅक्सनीत हर्नहुट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मोरेवियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत १७२८ साली काउंट झिंझेनडॉर्फने रोज एक वचन घरोघर सांगायला सुरुवात केली, आणि १७३१ पासून त्याची पुस्तिका निघते, आजही निघते. जुन्या करारातली सुमारे अठराशे वचनं एका भांड्यात असतात, त्यातून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठी काढतात, तीही तीन वर्षं आधी. आज पन्नासहून जास्त भाषांत ती पुस्तिका निघते.

माझ्या शेजारच्या आजी एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. निळी पुस्तिका त्यांच्या कॉफीच्या कपाखाली असते. कव्हरवर कपाचे गोल डाग. आमच्या भांडणाचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आजचं वचन काढलं तेव्हा माझा गुडघा चांगला होता. काढणाऱ्याला काय माहीत माझं ऑपरेशन?" मग त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे त्या दिवशी वाचायचे उतारे दिलेले असतात. त्यांनी जाड पवित्र शास्त्र ओढलं आणि अख्खा अध्याय वाचला, निम्मा माझ्यासाठी मोठ्याने. चिठ्ठी त्यांच्याकडे दार उघडण्यापुरती. शिवाय ती एकट्या त्यांची नसते. त्या दिवशी सगळ्यांना तेच वचन, आणि उद्या दुसरं.

आमच्या ताटात मात्र ठरावीक पन्नास-साठ वचनंच फिरत असतात. त्यात यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, नाही असं ताट मी पाहिलेलं नाही. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो ते वचन. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या उद्घाटनाला, बारावीच्या निकालाआधी, सगळीकडे तेच. मी परदेशात आल्यावर तो अध्याय पहिल्यांदा सलग वाचला आणि चक्रावले. ते एक पत्र आहे. यरुशलेमहून यिर्मयाने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलेलं. त्यात आधी पाचव्या वचनात म्हटलंय, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. सातव्यात म्हटलंय, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्यात, बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे येईन. त्याच्यानंतर अकरावं.

सत्तर वर्षं. पत्र वाचणाऱ्यातले बहुतेक जण परत जाण्याआधीच मरणार होते. हिताचे संकल्प त्यांच्या नातवंडांच्या हाती पडणार होते.

त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू तो सगळ्यांसमोर मोडतो आणि जाहीर करतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. माणसं त्यालाच टाळ्या देणार, उघड आहे. यिर्मयाही आधी म्हणतो, आमेन, देव असंच करो. मग समजतं की खोटा तोच होता. आमच्याकडे 'देवाची वेळ' म्हणतात तेव्हा बहुतेकदा हनन्याची दोन वर्षं मनात असतात. कार्डावर तर एकच वर्ष.

माझ्या मावसबहिणीने २०२० च्या शेवटच्या रात्री हेच वचन उचललं होतं. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा गेला. तो चौतीसचा होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, देवाची वेळ असते बाई. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, ते कार्ड कोणासाठी छापलं होतं, तेवढं तरी मला सांगा कोणीतरी." मी काही बोलले नाही. तेव्हा मला दहावं वचन माहीत होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. अजूनही नाही. म्हणून मला पाळकांचं पटतं. पण कार्डं बंद केल्याने हनन्या जात नाही, तो व्यासपीठावरूनही बोलतो.

मी स्वतः काही शहाणी नव्हते. इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जाला इथल्या कार्यालयाने चौदा महिने लावले, तेव्हा मी रोज सकाळी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट ठेवायचे. एकदा बोट मोशेच्या नियमशास्त्रात कोडाच्या डागांवर पडलं. दुसऱ्यांदा एका वंशावळीवर. तिसऱ्यांदा ठेवलं नाही.

एका वचनाने आयुष्य हलत नाही असं मी म्हणणार नाही. १९३९ च्या जूनमध्ये दीट्रिख बोनहॉफर हा नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक न्यूयॉर्कला सुरक्षित होता. तिथे राहायची सोयही झाली होती. २६ जूनला त्याच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, हे आलं आणि दिवसभर मनातून गेलं नाही. जुलैत तो परतला. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत नाझींनी त्याला फाशी दिलं. असं वचन कोणी ताटात ठेवेल का?

माझ्या आजीचं पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. खुणेला केसातली पिन. ती रोज रात्री भांडी झाल्यावर एकच अध्याय वाचायची, ओळीने, काही न गाळता. अध्याय ११८९, म्हणजे एका फेरीला सव्वातीन वर्षं. त्यामुळे यिर्मयाचा एकोणतिसावा तिच्याकडे सव्वातीन वर्षांनी एकदा यायचा, घरात काहीही चाललेलं असो. समासात पेन्सिलीने तारखा आहेत. नोव्हेंबर ७२, 'पाऊस नाही, खडीला जाते.' दुष्काळी कामावर ती खडी फोडायची आणि घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापायची. फेब्रुवारी ७६, 'थोरलीचं जमलं.' मे ७९, 'हे गेले.' सगळ्या नोंदी पाचव्या वचनाच्या बाजूला, बागा लावा त्याच्याशेजारी. अकरावं कोरं आहे. का, ते तिला विचारायचं राहिलं.

देव चांगला आहे हे ती कधी पटवून द्यायची नाही. उद्याचा अध्याय उद्या, एवढंच तिचं. मला वाटतं, तिला जो भरवसा होता तो त्या कंटाळवाण्या अध्यायांतून आला, जिथे तिच्यासाठी काहीच नव्हतं तरी ती बसायची.

इथे राहून बरं दिसतं ते लिहिलं, आता उणंही लिहिते. शेजारच्या आजींच्या चर्चमध्ये रविवारी आम्ही चौदा-पंधरा जणं असतो, ऑर्गनवाला धरून. २०२२ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून देशातले निम्मेही उरलेले नाहीत. नगरला ३१ च्या रात्री चपला ठेवायला जागा नसते, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनावर टाळ आणि टाळ्या एकदम सुरू होतात. त्या गर्दीला उचलायला काहीतरी हवं होतं हे मला कळतं. आत्याला मी लिहिलं, कार्ड घे, पण त्याचा अध्यायही घे. तिने अंगठा पाठवला. तो होकार की झटकणं, ठाऊक नाही.

गेल्या वर्षीपासून मी आणि आई फोनवर आजीसारखं ओळीने वाचतो. तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले हिवाळ्यात पाच, उन्हाळ्यात सहा. काल १ इतिहासाचा चौथा अध्याय होता, नुसती नावं. मधेच याबेसाची प्रार्थना येते, माझा मुलूख वाढव म्हणणारी, कार्डांवर फार चालणारी. आई तिथे थांबेल असं वाटलं. चष्मा सारल्याचा आवाज आला, आणि ती पुढच्या माणसाचं नाव लावायला लागली.